नवी रॅम आणि रविवारच्या तक्रारी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात ती घरून काम करायची, आणि तिचा लॅपटॉप जिन्याने यायचा. बटण दाबून ती कपडे वाळत घालायला जाई. परत येऊन बघावं, तर गोल चक्र फिरतंय. मशीनमध्ये उरलेले मोजे घेऊन पुन्हा जाई. चक्र फिरतंय.

पण तिचं काही म्हणणं नव्हतं. कारण साहेबांच्या सकाळच्या व्हिडिओ मीटिंगची एक रीत होती. काम सांगितल्यावर जो गप्प बसेल, त्याचा होकार धरायचा. अपवाद एकच: ज्याचं चित्र गोठलंय, त्याचा धरायचा नाही. तिचं रोज गोठायचं. त्यामुळे रविवारच्या तक्रारी विभागात सगळ्यांच्या गळ्यात पडून झाल्या होत्या, तिच्या सोडून. रविवारी दुपारी ती डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची. आठवड्यातली तेवढीच झोप तिची स्वतःची.

थांबा. नवरा राहिला.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने ते चारचौघांत सांगितलं असतं. ती बहिणीकडे गेली होती, तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली, पंख्यात साठलेली धूळ काढली. ती परतल्यावर त्याने तिला समोर बसवून बटण दाबलं. तिने पर्स खुर्चीला अडकवली आणि वळून पाहिलं, तोवर लॅपटॉप सुरू होऊन तिची वाट बघत होता.

"रडतेस काय?"

"आनंद झालाय रे."

सोमवार.

साहेब म्हणाले, रविवारच्या तक्रारी आता कायमच्या एकाकडेच द्यायच्या. मग त्यांची नजर तिच्यावर थांबली. आज चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या कानातल्याची फिरकीसुद्धा दिसत होती.

"अरे वा, आज चक्क दिसताय तुम्ही. मग घेताय ना?"

'नाही' म्हणायची विभागात पद्धत नव्हती. उरला एकच मार्ग.

तोंड अर्धं उघडं.
एक पापणी खाली.
हात केसांपाशी.
श्वास जमेल तसा.

झकास गोठली होती. तेवढ्यात सासूबाई विचारायला आल्या, चादरी आज धुवायच्या का. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग त्यांनी समोर येऊन सुनेचं तोंड पाहिलं आणि मुलाला हाक मारली, लवकर ये, हिला काहीतरी झालंय. तो अर्ध्या गालावर साबण घेऊन धावला, तिचे खांदे हलवायला लागला. ती हलली, पण खुर्चीसकट. पडद्यावर सगळा विभाग हे बघत होता.

"त्यांचं चित्र अडकलंय वाटतं," साहेब म्हणाले.

नवऱ्याने तिचे खांदे सोडले. "अडकेल कसं? एसएसडी टाकलीय. रॅम दुप्पट केलीय, माझ्या हातानं."

"पण त्या हलत नाहीयेत."

"ते तिचं. लॅपटॉपचं नाही."

तिच्या खाली आणलेल्या पापणीतून एक थेंब निघाला आणि गालावरून अगदी सुरळीत, कुठेही न अडकता खाली आला.

सासूबाईंनी मुलाला बाजूला सारलं. सुनेला काय सांगितलंत, असं त्यांनी साहेबांनाच विचारलं. साहेबांनी सांगितलं. दर रविवारी? दर रविवारी.

"मग हिनं झोपायचं कधी? अहो साहेब, एवढं सोपं असेल तर तुम्हीच का घेत नाही ते काम?"

साहेबांनी बोट वर केलं, तोंड उघडलं. आणि तसेच राहिले. बोट वर, तोंड उघडं, नजर स्थिर.

तिने न हलता, उघड्या डोळ्याने पाहिलं. साहेबांच्या मागच्या खिडकीचा पडदा हळूच फुगला आणि परत भिंतीला टेकला. पुन्हा फुगला.

विभागात टाचणी म्हणून ओळखली जाणारी एकजण होती. मीटिंगमध्ये कुणी काय कबूल केलं, ते तीच टिपून ठेवायची. कालचा रविवारही तिच्याच वाट्याला आला होता. तिने घसा साफ केला.

"साहेब, मागचा पडदा हलतोय तुमचा. मग होकार धरू?"