बापूकाकांचा आकडा

बापूकाकांवर अन्याय झाला. गेल्या रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, माळव्यातल्या देवासच्या टेकरीवर. अन्याय करणारा मी. एरवी मी अशाच माणसांविरुद्ध पत्रकं काढतो.

बापूकाका आमचे शेजारी. टेकरीवर फिरायला येणाऱ्याला ते नमस्काराऐवजी विचारतात, "आज किती?" म्हणजे साखर. सगळ्यांचे आकडे त्यांना पाठ. "जोशी, एकशे ब्याऐंशी? काल बालूशाही झाली म्हणायची!" जोशी दचकतात, कारण झालेली असते.

काकांना स्वतःला मात्र आकडा नाही. त्यांना स्किझोफ्रेनिया आहे. वीस वर्षं गोळ्या नेमानं घेतात. "तुम्हां सगळ्यांना आकडे," ते म्हणत, "मला नुसतं आजाराचं नाव."

हे ऐकून मी पेटलो. पेटणं हा माझा धंदाच. 'मनोरुग्णाला आकडा मिळालाच पाहिजे!' असं पत्रक छापलं, वाटलं आणि काकांना घेऊन त्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिलो. "ह्या आजारात मेंदूतलं डोपामाइन बिघडतं ना? मग ह्यांचं रक्तात मोजा!"

"रक्तातल्या डोपामाइनवरून मेंदूतलं कळत नाही," बाई म्हणाल्या. "प्रोलॅक्टिन बघू. गोळी डोपामाइनला अडवते, तेव्हा प्रोलॅक्टिन वाढू शकतं. पण ते गोळीबद्दल सांगतं. हे बरे आहेत का, ते ह्यांनाच विचारावं लागतं."

शेवटचं वाक्य मी ऐकून सोडून दिलं. घोषणेत बसत नव्हतं.

रिपोर्ट आला: प्रोलॅक्टिन अठ्ठेचाळीस. रविवारी टेकरीवर मी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. काका ताठ उभे. जोशींनी मोबाइलवर शोधलं. "अरे भिया, ये तो दूध पिलाने वाली माँओं का हार्मोन है!"

एकच हशा पिकला. मीही हसलो. हे लिहिणं भाग आहे.

सोमवारी काका आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. बुधवारी मी माफीचं भाषण पाठ करून त्यांच्या खोलीवर गेलो. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी पोह्यांची बशी माझ्या हातात दिली. "आधी खा. उपाशी पोटी फार ओरडतोस."

मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आकडा कशाला हवा होता रे मला? टेकरीवर सगळे एकमेकांना आकडा विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात. मला विचारतात, 'गोळी घेतली का?' आणि चालू लागतात."

मी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "काका, कसे आहात?" आयुष्यात पहिल्यांदाच.

तेव्हा सही नको, वर्गणी नको. तुमच्या गल्लीत असा एक माणूस आहे, तुम्हाला ठाऊक आहे. आजच त्याच्याकडे जा. कसे आहात, विचारा. आणि त्याचं बोलून होईपर्यंत उठू नका.