रिकाम्या टँकरची उंची

"हणमंतराव, हा रस्ता कॉम्प्युटरने काढलाय! याहून जवळचा अख्ख्या द्वारकेत दाखवा, नाव बदलीन!"

सुधन्वाचं डोकं म्हणजे रॉकेट, पण नोकरी कच्ची. आज त्याच्या रस्त्याने पाण्याचा टँकर वेळेत पोचला आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीच्या सेक्रेटरी पद्मजाताईंनी कागदावर 'पास' लिहिलं, तरच गुडगावच्या टँकर कंपनीत तो पक्का. नाहीतर घरी!

हणमंतराव फौजेतून रिटायर झालेले ड्रायव्हर. म्हणाले, "साहेब, मी मागच्या गेटाबाहेर लावून पाइप आत टाकतो, कारण..."

"कारण तुम्हाला सवय झालीये! चलो!"

पुढच्या गेटावर नवीकोरी कमान, वर प्लास्टरचे दोन हत्ती. टँकर बोटभर अंतराने आत गेला. वीस मिनिटं आधी पाणी! बायका बादल्या सोडून टाळ्या वाजवायला लागल्या. सुधन्वा नवरदेवासारखा हात हलवतोय!

टँकर रिकामा झाला, निघाला, आणि... खर्रर्र! कमानीत बूच!

"अहो, आला तेव्हा मावला होता ना?" पद्मजाताई ओरडल्या.

मागे ऑफिसला निघालेले तीस सरकारी बाबू, हातात डबे. बाहेर चार्टर्ड बस हॉर्न मारतेय. आठला दहा कमी!

"एक मिनिट, दुसरा रस्ता काढतो!" सुधन्वाने कागद पसरले, आकडेमोड केली. मागचं गेट टँकरला अरुंद. उत्तर आलं: हेच गेट.

"यार, ये इंजिनियर है या पंडित?" एक बाबू भडकला.

सुधन्वाचे कान लाल झाले. कागद चुरगाळून तो केबिनपाशी गेला. "हणमंतराव, मघाशी तुम्ही 'कारण' म्हणालात. कारण काय?"

"आता विचारलंत! अहो, पाणी गेलं की स्प्रिंगा सुटतात, टँकर चार बोटं वर येतो."

"मग खाली कसा आणायचा?"

"वजन द्या. फौजेत आम्ही जवान चढवायचो."

सुधन्वा गर्रकन वळला. "सगळे चढा! वर नको, डोकी जातील! बाजूला लटका!"

बाबू डब्यांसकट लटकले. टँकर तीन बोटं बसला, तरी कमानीला घासतच होता. सुधन्वा लटकला. काही नाही! मग पद्मजाताईंनी पदर खोचला, मागोमाग अख्खं महिला मंडळ.

"चलो, हणमंतराव!" सुधन्वा ओरडला.

हत्तींच्या पोटाखालून टँकर सुळ्ळकन बाहेर! बस मिळाली, शिट्ट्या वाजल्या, बाबूंनी सुधन्वाला खांद्यावर घेतलं.

पद्मजाताईंनी तिथेच कागदावर 'पास' लिहिलं. सुधन्वाने ऐटीत खालचा शेरा वाचला:

'मुलगा विचारायला शिकला. कामाचा आहे. वजन मात्र काहीच नाही.'