तात्यांच्या गाडीचं डावं दार

सोपानतात्यांना दुसऱ्याच्या गाडीजवळ एकटं सोडू नये. गाडी दिसली की हे गृहस्थ वाकणार, बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक करणार, कान लावणार आणि मालकाच्या तोंडावर सांगणार, "आतनं खाल्लंय."

इंदापूरला एका लग्नात नवरदेवाची गाडी मांडवाच्या दारात उभी होती. तात्यांनी झेंडूच्या माळा बाजूला सारून मडगार्डवर टकटक केलं आणि नवरीच्या मामाला हाक मारली. हितं पत्रा न्हाय, नुसती लांबी हाय, म्हणाले. लांबी म्हणजे गंजाची भोकं बुजवायचा लगदा. मामानं ते नवरदेवाच्या बापाला विचारलं, बापानं ते मनाला लावून घेतलं, आणि अक्षता खोळंबल्या. तात्या मात्र नंतर पंगतीत निवांत बसून परत परत जिलेबी मागत होते. शेजारच्या पाटावर मी होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भवानीनगरात माझं रंगाचं दुकान आहे आणि दुकानामागच्या घरात तात्या राहतात. जन्म कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं घेण्यात गेला, त्यामुळे संशय अंगात मुरलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. दारात एक जुनी पांढरी गाडी, स्टेअरिंगलाच गिअर असलेली. जगाच्या गाड्यांना नावं ठेवणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी मात्र गंजानं पोखरलेली होती.

ती दुरुस्त करायला बारामतीहून रफिकभाई यायचे. एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांचं पत्रा ठोकायचं गॅरेज होतं. हात कापायला लागला तसं त्यांनी ते बंद केलं, पण तात्यांचं काम तेवढं सोडलं नाही. दर रविवारी मोटारसायकलला हातोड्यांची पिशवी बांधून हजर. कुजलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा जोडायचा, ठोकून सपाट करायचा, घासायचा. आणि दिवसभर भांडायचं. तात्या म्हणणार, फुगवटा राहिला. रफिकभाई म्हणणार, फुगवटा तुमच्या चष्म्यात हाय. दुपारी तात्या स्वतः पिठलं करायचे आणि रफिकभाई त्याला नावं ठेवत ठेवत आणखी वाढून घ्यायचे. उरलेला आठवडा तात्यांचं तोंड बंद. बोललेच तर माझ्याशी, आणि तेही माझ्या मालाला शिव्या द्यायला.

रफिकभाईंनी एक गोष्ट आधीच सांगून टाकली होती. ही गाडी उरकली की ते सोलापूरला लेकीकडं कायमचे जाणार होते.

आणि गाडी काही उरकेना! बाकी सगळी झाली, डावं दार राहिलं. रविवारी घासून आरशासारखा केलेला पत्रा पुढच्या रविवारी पुन्हा तांबूस. घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी रेडऑक्साईडचा हात मारायचा असतो, नाहीतर गंज धरतो, हे माझ्या दुकानातल्या मांजरालाही ठाऊक आहे. तो हात तात्या मागाहून मारायचे, म्हणजे तसं सांगायचे. आणि गंज आला की दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, "ह्याचा माल भेसळीचा हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी दुपारी मीच डबा आणि ब्रश घेऊन गेलो, म्हटलं स्वतः मारून दाखवतो. बघतो तर तात्या त्या उघड्या पत्र्यावर तांब्यानं पाणी शिंपडत होते. शेजारी वाटीत खडेमीठ.

मी तोंड सोडलं. वयाचा मानही ठेवला नाही. तात्या पायरीवर टेकले.

"दार झालं की रफिक चालला," ते म्हणाले. "मग रविवारी म्या काय करू?"

अख्ख्या गावाला अंगावर घेणारा हा माणूस, आणि एका मित्राला थांब म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती. फार वाईट वाटलं. डबा तिथंच ठेवून मी परत आलो आणि कुणाला काही बोललो नाही.

रविवारी राहवेना म्हणून गेलो. रफिकभाईंनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"तात्या, पत्रा पार कागद झालाय," ते हळू म्हणाले. "मीठ नका मारू आता. मला यायला गंज कशाला पायजे? नुसतं बोलवायचं."

तात्या आत निघून गेले. रफिकभाईंनी दार घासलं आणि कापत्या हातानं रेडऑक्साईडही स्वतःच मारला. त्या दिवशी दोघं भांडले नाहीत. पिठलंही तसंच राहिलं.

दार झालं, गाडी झाली, रफिकभाई सोलापूरला गेले. तात्या रविवार रविवार ती गाडी पुसत बसायचे. पुसून पुसून तिचा रंग जाईल की काय असं मला वाटायला लागलं.

मग एका रविवारी सकाळी ते दुकानात आले, फोन माझ्यापुढं धरला आणि नंबर लाव म्हणाले. मी लावला. पलीकडून रफिकभाईंचा आवाज आला, "बोला तात्या. कुठं गंज धरला?"

मला वाटलं, आता हे एखादं मडगार्ड सांगून मोकळे होणार.

"न्हाय धरला," ते म्हणाले. "करमंना मला. ये."