शेणविटांचं शीतकपाट

"यंदा आपल्या मांसाला मांजराचं सोडच, तुझ्या भावाचाही दात लागायचा नाही," तुर्दाकुनने बायकोला ठणकावून सांगितलं.

कणीक मळता मळता बुरुलने वर पाहिलं. "माझा भाऊ मांजरांच्या पंगतीत कधी जाऊन बसला?"

"मांजरं निदान चोरून खातात. हा मागून खातो."

आत-बाशी नावाच्या डोंगरी खोऱ्यात थंडी पडली की घरोघर मेंढरं कापायची आणि मांस पडवीत टांगायचं. वसंतापर्यंत ते गारठ्याच्या हवाली. तुर्दाकुनच्या मांसाने मात्र वसंत कधी पाहिला नव्हता. ते टांगलं रे टांगलं की मेहुणा झांगीबाय नदीपलीकडून सहज म्हणून यायचा आणि जाताना त्याच्या खांद्यावर एखादी तंगडी सहज म्हणून असायची.

म्हणून यंदा तुर्दाकुनने अक्कल लढवली. मेंढवाड्यात वर्षभर तुडवलं गेलेलं शेण कापून त्याने उन्हाळ्यात विटा वाळवल्याच होत्या. गोठ्यामागे, जिथे ऊन औषधालाही पडत नाही, तिथे त्याने या विटांची ऐसपैस रास रचली आणि तिच्या पोटात पोकळी ठेवली. दोन लठ्ठ मेंढ्यांचं मांस मेणकापडात गुंडाळून आत सारलं, तोंड विटांनी बुजवलं. बघणाऱ्याला काय, चुलीचं जळण. कुत्र्याला वास नाही, मेहुण्याला वाव नाही. जागा त्याने बुरुललाही सांगितली नाही. भावापुढे तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

चार दिवसांनी तो बाजारातून आला, तर गोठ्यामागची भिंत धुतल्यासारखी मोकळी.

"अगं, विटा कुठायत?"

"झांगीबाय आला होता ट्रॅक्टर घेऊन. बाबांकडे जळण संपलंय म्हणाला. मला वाटलं, आता मांस मागतो की काय. बिचाऱ्याने मागितलं शेण. म्हटलं, सगळं ने." बुरुल समाधानाने पुढे म्हणाली, "तुम्हीसुद्धा खूश व्हाल म्हटलं. यंदा मांसाचं नावही काढलं नाही त्याने."

तुर्दाकुन मटकन खाली बसला. मग उठला आणि गाढवावर बसला.

नदी ओलांडेपर्यंत त्याने एक सबब घोटून घोटून गुळगुळीत केली. झांगीबाय दारातच भेटला. त्याला बोलू न देता तुर्दाकुन म्हणाला, "त्या विटा परत दे. कच्च्या आहेत. धूर होईल, बाबांना खोकला लागेल."

"कच्च्या? अहो दाजी, लोण्यासारख्या पेटतात. बघा ना, पातेलं कसं रटरटतंय."

तुर्दाकुनने नाक वर केलं. पातेल्यातून आलेला तो वास त्याच्या चांगल्याच ओळखीचा होता. दोन्ही मेंढ्या त्याने कोकरं असल्यापासून वाढवल्या होत्या.

आत सगळी सासुरवाडी जमली होती. सासऱ्यांनी त्याला हाताला धरून आपल्या शेजारी, थेट मानाच्या जागी बसवलं.

"जावई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आम्ही तुला चिक्कू म्हणायचो. पाठीमागे म्हणायचो, पण म्हणायचो."

"तोंडावर पण," सासूबाईंनी दुरुस्ती केली.

"तोंडावर पण. आज मान खाली गेली बघ आमची. लोक देतात ते गावाला दाखवून देतात. तू शेणात लपवून दिलंस, का तर कुणी आभार मानू नयेत."

"नाही बाबा, म्हणजे त्याचं असं झालं की—"

"बघा, अजून नाहीच म्हणतोय," झांगीबाय कौतुकाने म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने चरबीचा मोठा घास दाजींच्या उघड्या तोंडात कोंबला.

म्हाताऱ्यांनी तळवे पसरून आशीर्वाद दिला. कमरेचं मानाचं हाड तुर्दाकुनच्या पुढ्यात आलं. तो खाऊ लागला. मांस अफलातून टिकलं होतं. युक्ती शंभर टक्के यशस्वी झाली होती आणि हे सांगायला भूतलावर एकही माणूस नव्हता.

"बाकीचं कुठे ठेवलंस?" त्याने झांगीबायला हळूच विचारलं.

"ठेवतोय कशाला? मामांकडे पाठवलं, काकूंकडे पाठवलं, मशिदीच्या मुल्लांकडे पाठवलं. सगळीकडे तुमचंच नाव सांगितलं हो, काळजी करू नका."

निघताना सासऱ्यांनी त्याच्या खांद्यांवर सोनेरी काठाचा मखमली झगा चढवला. त्या झग्यात, त्या गाढवावर तुर्दाकुन एखाद्या पदच्युत सुलतानासारखा घरी पोचला.

फोन त्याच्या आधी पोचला होता. बुरुल डोळे पुसत दारात उभी होती.

"मला वाटायचं, माझं माहेर तुमच्या डोळ्यांत सलतं," ती म्हणाली. "किती वर्षं बोलले हो मी तुम्हाला." तिने झग्याची बाही हलकेच चाचपली आणि ती चुलीकडे वळली. "बसा. आपल्यासाठी ठेवलंय त्यातला चांगला तुकडा काढून द्या. आज तुमच्यासाठी मनापासून रांधते."

तुर्दाकुनने झगा नीट सारखा केला.

"आज राहू दे," तो म्हणाला. "मी जेवून आलोय."