देवरावजींची मोजणी

देवरावजी पौनीकर यांच्या हातून मोजणीत चूक होऊ शकते काय? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहावयास बसलो आहे.

प्रथम व्यक्तीचा परिचय. देवरावजी आपल्या बनियनला आतून दोन खिसे शिवून घेतात. प्रत्येक खिशात दोन, याप्रमाणे चार काचेच्या बाटल्या त्यांच्या अंगाला लागून असतात आणि हिवाळ्यात ते त्यांच्यासह झोपतात. कारण शास्त्रीय आहे. आमची छोटी संस्था नागपूरच्या आसपासच्या गावांत विहिरी तपासते आणि शौचालये बांधून देते. तपासणीच्या बाटलीत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबेत ठेवावी लागते. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ते काळे पडते. ऊब देणारे यंत्र संस्थेकडे आहे. पण देवरावजींचा त्यावर भरवसा नाही. "यंत्राची लाइन जाते, सर. माही कुठं जाते?"

त्यांच्या पत्नी त्यांना खुडूक कोंबडी म्हणतात. "उठा आता, अंडे फुटतीन!" ही त्या घरातील सकाळची पहिली हाक.

घराणे नागपूरच्या महाल भागातील कोष्ट्यांचे, म्हणजे विणकरांचे. वडिलांचा माग थांबला तेव्हा देवरावजींनी पाण्याचे काम धरले, परंतु धागा न् धागा पाहणारी नजर तीच राहिली. मी निवृत्त शिक्षक. संस्थेची नोंदवही माझ्याकडे असते.

एकदा आम्ही दोघे खाप्याच्या बसमध्ये असताना शेजारच्या गृहस्थांनी देवरावजींना विचारले, "हे काय धरून राहिले गा छातीशी?"

"संडासातले जंतू," देवरावजींनी खरे ते सांगितले. "वाढवून राहिलो."

गृहस्थ उठले ते सावनेरपर्यंत उभेच राहिले. मोकळ्या जागेवर पिशवी ठेवत देवरावजी मला म्हणाले, "खरं बोललं की जागा भेटते, सर."

लग्न असो की वास्तुशांत, त्यांचा आहेर एकच: लांब दांड्याचे ओगराळे. माठात हात बुडू नये, हा हेतू. धरमपेठेतील एका यजमानांनी घरी शुद्धीकरणाचे यंत्र असल्याचे सांगून ते परत करू पाहिले. "ठेवा," देवरावजी म्हणाले. "मशीनचं पानी मशीनपाशी साफ. पुढं कोनाचा हात लागला, मशीनले काय माहीत?" आणि आमचे पाणी अगदी काचेसारखे आहे, असे कोणी सांगितले की त्यांचे ठरलेले उत्तर येते: "दिसनं अलग, असनं अलग."

आता मूळ मुद्दा. त्यांची थोरली बहीण खाप्याजवळच्या एका वस्तीत एकटी राहते. तिला ते 'बाई' म्हणतात. बाईंच्या दारालगत विहीर आहे. त्यांच्या दिवंगत यजमानांनी ती स्वतः खणली आणि आसपासची दहा-बारा घरे तिच्यावर पाणी भरतात. आपल्या दारातून कोणाची घागर रिकामी जात नाही, हा बाईंचा अभिमान.

उन्हाळ्यात आम्ही बाईंसाठी शौचालय बांधले. शोषखड्डा विहिरीपासून किमान पंधरा मीटर दूर असावा, असा आमचा नियम आहे. जागा देवरावजींनी आधीच जाऊन ठरवली होती.

"अंतर?" मी वहीतून मान वर न करता विचारले.

"पंधरा," ते म्हणाले. मी लिहिले.

पावसाळा सरल्यावर त्या विहिरीची बाटली काळी पडली. देवरावजींनी पुन्हा दोन भरल्या. त्याही काळ्या. तोवर शेजारच्या घरात दोघांना जुलाब लागले होते.

"माह्या विहिरीले नाव ठेवतं का रे, देवा?" आम्ही हे सांगायला गेलो तेव्हा बाई कडाडल्या. "तुह्या भाऊजीनं खंदलेली आहे ते!"

मी टेप काढला. विहिरीपासून खड्ड्यापर्यंत साडेसहा मीटर भरले. तीनदा मोजले, साडेसहाच.

"देवरावजी, पंधरा कसे सांगितले?"

ते खड्ड्याच्या झाकणाकडे पाहत हळूच म्हणाले, "बाईले दारातून चालाले लावलं होतं, सर. पान्यापावसात तिलेच जा लागते ना. पंधरा पावलं झाले अन् तिनं गुडघा धरला. म्या तिथंच खुटी ठोकली."

शाळेत उत्तरापुढे एकक न लिहिणाऱ्याचे गुण मी कापत असे. येथे 'पंधरा'च्या पुढे 'मीटर' हा शब्द माझ्याच हस्ताक्षरात होता.

तेवढ्यात घागरी घेऊन बायका आल्या. देवरावजी विहिरीला पाठ लावून उभे राहिले. "विहीर चांगली आहे. भाऊजीचं काम पक्कं आहे. खड्डा माहा चुकला. साफ होत परेंत इथलं पानी पिऊ नका."

"मंग शाळेच्या हातपंपावर जाचं का गा, इतक्या दूर?" एकीने विचारले. घागरी वळल्या. दारात उभ्या असलेल्या बाईंनी त्या रिकाम्या जाताना पाहिल्या आणि पदर तोंडाला लावला.

मग त्या भावाकडे वळल्या. "संडास इथंच ठेवून खड्डा दूर नेता येत होता ना? लांब पाइप टाकून?"

"येत होता."

"मंग काहून नाही नेला, येड्या?"

"तुह्या गुडघ्याकडंच पाहून राहिलो होतो वं, बाई."

बाई आत गेल्या आणि भावासाठी पाट मांडला.

आम्ही जुना खड्डा रिकामा करून बुजवला आणि उताराकडे, टेपने मोजून, नवा घेतला. विहीर उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली. तेवढे दिवस देवरावजी रजा काढून वस्तीतच राहिले आणि आजाऱ्यांच्या घरी हातपंपाचे पाणी खांद्यावरून पोचवत होते. दोघेही बरे झाले. पुढे लागोपाठ तीन तपासण्यांत पाणी काळे पडले नाही, तेव्हा बाईंनी पहिली घागर स्वतः ओढून त्याच आजारी पडलेल्या शेजाऱ्यांच्या घरी पाठवली.

वहीतील ती नोंद मी खोडलेली नाही. शेजारी खरे अंतर लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या आहेत.

वाचकांना एकच विनंती. आपल्या घरचा खड्डा विहिरीपासून किती दूर आहे, हे कोणाच्याही वहीवरून मानू नका. माझ्या तर नाहीच. टेप घ्या आणि स्वतः मोजून पाहा.