दामूकाकांची पाठ

आमच्या करंजाड्याच्या सोसायटीतला कुठलाही व्हिडिओ काढून बघा. वाढदिवस असो, दहीहंडी असो, लहान मूल पुढे आलं की पडद्यावर एक रुंद पाठ येते आणि शेवटपर्यंत हलत नाही. ती दामूकाकांची. मागून "काका, खाली बसा!" अशी बोंबही ऐकू येते.

दामूकाका मूळचे इथलेच. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भातशेत होतं, त्यामुळे आपण कुठेही उभं राहू शकतो असं त्यांना वाटतं. कोणी मुलासमोर मोबाईल धरला की सदरा सावरत मध्ये येऊन ठाकतात. "पोर हाय ती, दुकान नाय," एवढंच म्हणतात. सेक्रेटरींनी नोटीस लावली. काका नोटिशीकडे पाठ करून उभे राहिले.

माझ्या सईच्या फॅन्सी ड्रेसची त्यांनी अशीच वाट लावली. सई फुलपाखरू झाली होती. व्हिडिओत तिचे पंख तेवढे दिसतात, काकांच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे काकाच फुलपाखरू झालेत! मी त्यांना नको नको ते बोलले.

चिडायचं कोणावर हे मला नंतर बागेत कळलं. वरच्या मजल्यावरच्या प्राजक्ताने आपल्या सहा वर्षांच्या मिष्टीच्या नावाने पेज काढलंय. लिपस्टिक फासलेली मिष्टी भर उन्हात तेच ठुमके पुन्हा पुन्हा मारत होती आणि रडत होती.

"रडू नको, मेकअप जाईल. परत एकदा," आई म्हणाली.

काका आले, मध्ये उभे राहिले. प्राजक्ता कडाडली, "माझी मुलगी आहे, तुम्हाला काय प्रॉब्लेम?" तेवढ्यात मिष्टीने विचारलं, "मम्मी, आज व्ह्यूज कमी येतील का गं?" पोरीला अजून बुटाची लेस बांधता येत नाही! माझं डोकंच फिरलं. प्राजक्ताला मी तिथेच झाडलं. ती मुलीला ओढत घेऊन गेली, आणि काका पहिल्यांदाच माझ्याशेजारी बाकावर बसले आणि सांगू लागले.

त्यांची नात तन्वी आजीकडून धवले शिकली होती, आगऱ्यांच्या लग्नात बायका म्हणतात ती गाणी. दोन वर्षांपूर्वी एका हळदीत तिने धवला म्हटला. कोणा पाहुण्याने व्हिडिओ टाकला, आणि खाली अनोळखी लोक तिच्या रंगावर, पुढे आलेल्या दातांवर तुटून पडले. चांगली मोठी माणसं! आठ वर्षांच्या पोरीच्या दातांवर असलं काही लिहायला यांची बोटं धजावतात तरी कशी?

काकांना भांडण माहीत ते गावातलं. ओट्यावरून जो शेवटपर्यंत ओरडेल तो जिंकला. तेच इथे चालेल म्हणून ते एकेकाला उत्तर देत, शिव्या घालत बसले. अखेर मुलाने सांगितलं, "बाबा, तुमच्याच उत्तरांनी तो व्हिडिओ वर चढतोय."

"मना वाटला गप बसतील," काका म्हणाले. "जेवरा मी ओरडलो, तेवरा त्यो व्हिडिओ चालला."

"आणि तन्वी?"

"तोंडावर हात धरून बोलतं पोर. गानी बंद."

यंदा गणपतीच्या कार्यक्रमात तन्वीचं नाव तिच्या आजीनेच दिलं. माईक धरायला मी स्टेजवर होते. तन्वी आली ती तोंडावर हात ठेवूनच. समोर मोबाईल वर झाले. काका उठले आणि स्टेजला खेटून, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

इतके दिवस आम्ही पाठच बघत होतो. पाठ आमच्याकडे म्हणजे तोंड मुलांकडे, हे कधी डोक्यातच आलं नाही. काका गाल फुगवत होते, डोळे फिरवत होते. तन्वी हलेना. मग त्यांनी भर सभेत कवळी काढली आणि बोळकं पसरून हसले.

तन्वी फिस्सकन हसली. हात खाली आला.

"काका, खाली बसा!" मागून बोंब उठली.

मी माईक तोंडाशी नेला. "काका बसणार नाहीत! तुम्ही मोबाईल खाली करा!"

मग तोच माईक तन्वीपुढे धरला. ती काकांकडे बघत गायला लागली, सगळे दात दिसू देत. काका कवळी मुठीत धरून उभे होते आणि त्यांचे गाल ओले झाले होते.