दोन हजार आठचा हिवाळा, साडेदहापर्यंत

चंद्रपुरात जेवणाचा थंड डबा घ्यायचा तर आत कोणत्या सालचा हिवाळा हवा, ते दुकानात आधी सांगावं लागतं. बाहेरगावी म्हणे डब्यात बर्फ घालतात. इथल्या उन्हात बर्फाचं चौकापर्यंत जाईतो पाणी होतं, म्हणून निकोड्यांच्या दुकानात हिवाळेच मिळतात. त्या त्या साली भरून, झाकण पक्कं लावून ठेवलेले.

रेवती चिंचोळकर माती तपासायच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. एप्रिल आला आणि तिचा दहीभात दुपारपर्यंत आंबू लागला. पहिल्यांदा झाकण उघडताच डबा फसफसला, तेव्हा ती दचकून खुर्चीवरून उठलीच होती. पुढे ती बिस्किटांवर भागवू लागली. मग एकदा मातीचे नमुने तोलता तोलता भोवळ येऊन मटकन खाली बसली, आणि आईने हुकूम काढला, की थंड डबा घे आणि टिकाऊ घे, रोजचा वापर आहे.

निकोडेभाऊंनी सत्त्याण्णवचा हिवाळा काढला. जंगलाच्या काठावर भरलेला. झाकण बोटभर उघडताच रेवतीच्या हातावर काटा आला. आत धुकं होतं, आणि लांबवर कुठेतरी एक घुबड. हा संध्याकाळपर्यंत हलत नाही, असं भाऊ म्हणाले. आत माणूस नाही ना, म्हणून. माणसं असली की त्यांची ऊब असते, थंडी लवकर उतरते.

"माणसं असलेलाही मिळतो?" रेवतीने विचारलं, आणि लगेच तिला वाटलं, उगाच विचारलं.

मिळत होता, पण कुणी नेत नव्हतं. वरच्या फळीवर दोन हजार आठचा एक डबा धूळ खात होता. पोस्टामागच्या गल्लीत भरलेला. त्या गल्लीत रेवतीचं लहानपण गेलं होतं. दोन हजार आठच्या हिवाळ्यात ती तिसरीत होती. त्याच्या पुढचा हिवाळा तिच्या बाबांनी पाहिला नाही.

भाऊंनी झाकण उघडलं. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास आला. कुणीतरी स्कूटर एका अंगाला कलती केली, सरळ केली, किक मारली. मग अगदी जवळून आवाज आला, "औंदा थंडीच नाही, रेवा. स्वेटर राहू दे."

रेवतीने काउंटरची कड घट्ट धरली.

"आता बोला," निकोडेभाऊ म्हणाले. "आतला माणूसच सांगून रायला का थंडी नाही म्हणून. मी काऊन खोटं बोलू? हा अकराच्या वर टिकत नाही, ताई. रोजच्या कामाले सत्त्याण्णवचाच न्या. नेलेला हिवाळा आम्ही वापस घेत नाही."

त्यांचं बरोबरच होतं. बाबा सोबत असते तर त्यांनीही सत्त्याण्णवचाच घ्यायला लावला असता. साधी चप्पल घेतानाही ते तळ दुमडून पाहायचे. रेवतीला भोवळ आठवली, फसफसणारा दहीभात आठवला, आईचा चेहरा आठवला. तिने दोन हजार आठचा घेतला.

घरी आई दारातच सुरू झाली. शिकलीसवरलेली पोरगी, साधा डबा निवडता येत नाही. रेवतीने झाकण उघडलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग पदराने उगाच ओटा पुसत ती म्हणाली, "मी स्वेटर घालूनच पाठवलं होतं तुला."

दुसऱ्या दिवसापासून डबा आई भरू लागली. भात, दही, वरून फोडणीची मिरची. एवढं भरायला तिला पुष्कळ वेळ लागे, आणि तेवढा वेळ झाकण उघडं राही. त्यामुळे हिवाळा आणखी उतरला. अकराऐवजी साडेदहालाच संपू लागला.

म्हणजे साडेदहाला जेवणं भाग होतं. प्रयोगशाळा तर दहाला उघडायची. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख देवतळे मॅडमनी रेवतीला पकडलं. आत्ता तर आलीस, जेवतेस काय? रेवतीने घाईने डबा बाजूला सरकवला, तसं झाकण उघडलं. स्कूटरला किक बसली. थंडी नसल्याचं सांगून झालं.

"कोण आहेत?" मॅडमनी विचारलं.

"बाबा."

"साल कोणतं?"

"दोन हजार आठ."

मॅडम विचारात पडल्या. "बरोबर सांगताहेत ते. त्या वर्षी मी रजई काढलीच नव्हती." मग त्यांनी तिथेच सगळ्यांना सांगून टाकलं, की उद्यापासून जेवणाची सुटी साडेदहाला. मातीला काय, ती थांबते.

आता मे अर्ध्यावर आलाय. बाहेर डांबर चपलेला चिकटतं. दहीभात हल्ली साडेदहालाही थोडा आंबटच लागतो. रेवती त्यात चिमूटभर साखर घालते. सगळे आपापले डबे समोर घेऊन बसतात, पण स्कूटर सुरू झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. मग रेवती झाकण उघडते. आतून गरम वाफ येते, मागोमाग शेंगांचा वास.

"औंदा थंडीच नाही, रेवा. स्वेटर राहू दे."

"बरं," रेवती म्हणते, आणि सगळे जेवायला लागतात.